विश्लेषण : वजन वाढवून फ्युरी एकदा जिंकला, एकदा हरला... हेवीवेट बॉक्सिंगमध्ये आकारमान नेमके कधी कामी येते?

२१ डिसेंबर २०२४ रोजी रियाधमध्ये टायसन फ्युरी आणि ऑलेक्झांडर उसिक दुसऱ्यांदा समोरासमोर आले, तेव्हा फ्युरीचे नोंदलेले वजन होते २८१ पौंड, म्हणजे सुमारे साडेएकशेसत्तावीस किलो. उसिकचे वजन २२६ पौंड, म्हणजे साधारण साडेएकशेदोन किलो. फरक २५ किलोंचा. बांधकामावरची सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. तिची अर्धी गोणी उसिकपेक्षा जास्त घेऊन फ्युरी रिंगमध्ये उतरला होता. शिवाय उंचीत १५ सेंटिमीटरने जास्त. तरीही तिन्ही जजनी ११६-११२ असाच निकाल दिला, आणि तो उसिकच्या बाजूने.

असा निकाल लागला की दरवेळी तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, हेवीवेटमध्ये आकारमान हेच सर्व काही. शेवटी मोठा माणूस लहान माणसाला मोडतोच. दुसरा गट म्हणतो, शैली लढत ठरवते, वजनकाट्यावरचा आकडा केवळ जाहिरातीसाठी. दोन्ही गटांकडे भरपूर उदाहरणे आहेत आणि तीच अडचण आहे. उदाहरणे सोयीने निवडता आली की वाद कधीच संपत नाही.

त्यामुळे जरा वेगळी पद्धत वापरून पाहू. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत एक साधा नियम शिकवतात, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा. बॉक्सिंगमध्ये असे प्रयोग ठरवून करता येत नाहीत, पण परतीच्या लढती त्याच्या बऱ्याच जवळ जातात. माणसे तीच, वजन आणि डावपेच तेवढे बदललेले.

हेवीवेट गटात वजनाला मर्यादाच नाही का?

खालची मर्यादा आहे, वरची नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांच्या (९०.७ किलो) वर गेलात की तुम्ही हेवीवेट. इतर सर्व गटांत दोन्ही खेळाडूंना एकाच आकड्याखाली यावे लागते. वेल्टरवेटमध्ये चार किलो जास्त असणाऱ्याला लढतच मिळत नाही, मात्र हेवीवेटमध्ये ९५ किलोंचा माणूस १४० किलोंच्या माणसासमोर कायदेशीरपणे उभा राहू शकतो. आकारमान विरुद्ध शैली हा वाद इतक्या उघडपणे याच गटात दिसतो, याचे कारण हे आहे.

एकाच माणसाने दोनदा वजन वाढवले, निकाल उलटे कसे?

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण फ्युरी स्वतःच आहे.

१ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो डिऑन्टे वाइल्डरशी पहिल्यांदा लढला. फ्युरी २५६.५ पौंड, वाइल्डर २१२.५. फ्युरीने त्या रात्री लांब राहून, मागे झुकून, ठोसे चुकवत बॉक्सिंग केले. बहुतेक वेळ तो पुढे होता, पण वाइल्डरने नवव्या आणि बाराव्या फेरीत त्याला खाली पाडले. लढत बरोबरीत सुटली.

२२ फेब्रुवारी २०२० रोजी लास वेगासमध्ये परतीची लढत झाली. फ्युरीने प्रशिक्षक बदलला होता. डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमच्या परंपरेतला शुगरहिल स्टुअर्ड आता त्याच्या कोपऱ्यात होता. वजन २७३ पौंड, म्हणजे आधीपेक्षा साडेसोळा पौंडांनी जास्त. आणि शैली पूर्ण उलटी. पहिल्या घंटेपासून तो पुढे चालत गेला, रिंगचा मधला भाग ताब्यात घेतला, वाइल्डरला दोरांकडे ढकलले आणि जवळ आला की आपले सगळे वजन त्याच्या मानेवर टाकले. तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत वाइल्डर खाली गेला आणि सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. (पाय जड होण्याचा दोष वाइल्डरने नंतर रिंगमध्ये येताना घातलेल्या ४० पौंडांहून जड पोशाखाला दिला. हेवीवेट बॉक्सिंगमधल्या सबबींचा स्वतंत्र इतिहास लिहिता येईल.)

आता उसिक. १८ मे २०२४ च्या पहिल्या लढतीत फ्युरी २६२ पौंड, उसिक २२३.५. उसिक जिंकला, पण दोन जज त्याच्या बाजूने आणि एक फ्युरीच्या, असा काठावरचा निकाल होता. परतीच्या लढतीसाठी फ्युरीने पुन्हा तोच उपाय केला आणि १९ पौंड वाढवले. या वेळी तो अधिक स्पष्टपणे हरला.

म्हणजे एकदा साडेसोळा पौंडांनी बरोबरीचे रूपांतर सात फेऱ्यांतल्या विजयात झाले आणि एकदा १९ पौंड वाढवूनही काठावरचा पराभव स्पष्ट पराभवात बदलला. वजन केवळ वजन म्हणून काम करत असते, तर असे झाले नसते.

फरक समोरच्या माणसात होता. वाइल्डरचे सर्व भांडवल त्याचा उजवा ठोसा. तो मारायला त्याला समोर मोकळी जागा लागते आणि दोन्ही पाय रोवलेले लागतात. मागे ढकलला गेला की तो सरळ रेषेत मागे जातो आणि मागे जाताना त्याच्या ठोशात तो दम राहत नाही. अशा माणसावर वजन टाकता येते, कारण तो वजनाच्या वाटेतच असतो.

उसिक वाटेत थांबत नाही. तो डावखुरा आहे, सतत बाजूला सरकतो, ठोसा मारून झाला की ज्या जागेवरून मारला तिथे राहत नाही. फ्युरीने त्याच्यावर टाकायला आणलेले वजन बहुतेक वेळ हवेतच राहिले, आणि हवेत राहिलेले वजन ३६ मिनिटे वाहून न्यायचे काम मात्र फ्युरीच्याच पायांना करावे लागले. बारा फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटे. बाहेरून पाहणाऱ्याला ती वाढीव ताकद वाटत होती. शेवटच्या फेऱ्यांत ते निव्वळ ओझे होते.

लांब हातांचा फायदा खरोखर किती?

लढतीआधीच्या तक्त्यात 'रीच' नावाचा एक आकडा असतो. फ्युरीचा रीच ८५ इंच म्हणजे २१६ सेंटिमीटर, उसिकचा ७८ इंच म्हणजे १९८ सेंटिमीटर. फरक १८ सेंटिमीटर. हा आकडा पाहून अनेकांना वाटते, फ्युरीचा ठोसा १८ सेंटिमीटर आधी पोहोचेल.

तसे नाही. रीच म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. त्यात दोन हात आणि मधले खांदे असे सगळे आले. ठोसा एका हाताने मारतात. म्हणजे दोघांच्या खांद्यांची रुंदी सारखी धरली तरी एका हाताच्या वाट्याला फार तर नऊ सेंटिमीटर येतात. फ्युरीचे खांदे जास्त रुंद असतील तर त्याहून कमी.

त्यातही भूमिती आडवी येते. उंच माणसाला समोरच्याच्या डोक्यावर मारताना हात खाली न्यावा लागतो. उदाहरणादाखल खांद्यापासून मुठीपर्यंत ८० सेंटिमीटरचा हात धरा आणि समोरचा गुडघ्यात वाकून उभा असल्यामुळे मूठ खांद्याच्या ३० सेंटिमीटर खाली न्यायची आहे असे समजा. पायथागोरस सांगतो की आडवे अंतर मग ७४ सेंटिमीटरच मिळते. सहा सेंटिमीटर तिथेच गेले. नऊपैकी उरले तीन.

अर्थात हे गणित बुटक्या माणसालाही लागू होते. त्याला वर मारावे लागते, म्हणजे त्याचाही हात आखडतो. उसिकची हुशारी इथे दिसते. तो फ्युरीच्या डोक्यामागे लागण्याआधी पोटावर आणि छातीवर जॅब मारतो. ते लक्ष्य जवळपास त्याच्या खांद्याच्या रेषेत येते, हात पूर्ण लांबतो आणि वरून झुकून चुकवायची फ्युरीची सवय तिथे निरुपयोगी ठरते. डोके मागे नेता येते, पोट मागे नेता येत नाही. पोट वाचवायला हात खाली आला की मग डोक्यासाठी डावा हात तयारच असतो.

उरलेले काही सेंटिमीटर पायांनी भरून निघतात. अर्धे पाऊल पुढे टाकले की झाले. प्रश्न एवढाच की ते अर्धे पाऊल टाकताना तुम्हाला मार बसतो का. लांब हातांची किंमत त्या अर्ध्या पावलात आहे. लांब हातांचा माणूस प्रत्येक पुढच्या पावलावर जॅबने कर वसूल करत असेल, तर नऊ सेंटिमीटर प्रचंड असतात. तो कर वसूल करणे त्याने सोडले, तर हाताची लांबी केवळ तक्त्यात शोभते.

जोशुआ-रुईझ लढतीने काय दाखवले?

नेमके हेच. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँथनी जोशुआसमोर बदली खेळाडू म्हणून अँडी रुईझ आला. जोशुआ सहा फूट सहा इंच, पिळदार शरीराचा. रुईझ चार इंचांनी बुटका, पोट सुटलेला, वजन २६८ पौंड. जोशुआ २४७.७५. लक्षात घ्या, वजन रुईझचे जास्त, लांबी जोशुआची जास्त. इथे 'मोठा' कोण, हे ठरवणेच अवघड.

तिसऱ्या फेरीत जोशुआने रुईझला पाडले आणि मग संपवण्याच्या घाईत तो त्याच्या अगदी जवळ जाऊन हूकची देवाणघेवाण करू लागला. त्या अंतरावर लांब हात म्हणजे अडचण. रुईझचे हात आखूड आणि वेगवान, तो त्याच्या घरच्या मैदानात होता. जोशुआ एकूण चार वेळा खाली गेला आणि सातव्या फेरीत लढत थांबवण्यात आली.

सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला सौदी अरेबियातील दिरिया येथे परतीची लढत झाली. रुईझ २८३.७५ पौंड, म्हणजे जवळपास १६ पौंडांनी वाढलेला. जोशुआ २३७, म्हणजे पावणेअकरा पौंडांनी घटलेला. जोशुआने त्या रात्री एकच गोष्ट बाराही फेऱ्या केली. जॅब, उजवा आणि तिथून निघून जाणे. लढत कंटाळवाणी झाली, अशी तक्रार अनेकांनी केली. जजच्या पाट्यांवर मात्र ११८-११०, ११८-११० आणि ११९-१०९ असे आकडे होते. हाताची लांबी पहिल्या रात्रीही तेवढीच होती, पण ती वापरली गेली दुसऱ्या रात्री.

मग वजनाचा उपयोग होतो तरी कुठे?

आकारमान हा एक शब्द असला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लांबी, दुसरी वस्तुमान. लांबी दूर राहून वापरता येते, वस्तुमान चिकटून. आणि चिकटण्याला बॉक्सिंगमध्ये म्हणतात क्लिंच.

कुस्तीच्या फडात बसलेल्या जाणकाराला हे वेगळे सांगायला नको. गर्दनखेच सुरू झाली की वजनदार पैलवान समोरच्याच्या मानेवर भार टाकून त्याला दमवतो. तसेच हेवीवेट बॉक्सिंगमध्ये चालते, फरक इतकाच की इथे ते नियमात बसत नाही. धरणे, ढकलणे, वरून रेलणे हे सर्व फाउल आहे. रेफरी ते किती चालवून घेतो, यावर सर्व अवलंबून.

या कलेचा सर्वांत मोठा कारागीर व्लादिमिर क्लिच्को. त्याचा डाव्या हाताचा जॅब लांबून थोपवायचा आणि जो त्यातून आत शिरेल त्याला तो मिठीत घेऊन वरून रेलायचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर पोव्हेत्किनविरुद्ध त्याने हे इतक्या वेळा केले की ती लढत पाहणे ही शिक्षा होती. पोव्हेत्किन ऑलिम्पिक सुवर्णविजेता, तोवर अपराजित, आत घुसून मारणारा. तो आत घुसला की क्लिच्कोचे संपूर्ण वजन त्याच्या मानेवर. ढकलण्याबद्दल क्लिच्कोचा एक गुण कापला गेला, तोही अकराव्या फेरीत. तिन्ही जजनी ११९-१०४ दिले. शैलीवाद्यांना ही लढत आठवण करून द्यावी लागते. पोव्हेत्किनची शैली वाईट नव्हती, पण त्या शैलीला आत जाऊन काम करायची गरज होती आणि आत गेल्यावर काम करू दिले गेले नाही.

ठोशाच्या ताकदीचे काय, असा प्रश्न येईल. जड माणसाचा ठोसा जड असतो, हे खरेच. पण ठोशात शरीराचे सर्व वजन उतरत नाही. पाय, कंबर, खांदा यांची साखळी जुळली तर जास्त उतरते, नाही तर नुसता हात जातो. आणि घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर एक गंमत आहे. छाती-पोटावर जास्तीचे २० किलो चढवता येतात, पण कवटीच्या आतल्या मेंदूला त्या २० किलोंचे चिलखत मिळत नाही. हनुवटीवर न दिसलेला ठोसा बसला की १२७ किलोंचा माणूसही तसाच डळमळतो. १९ जुलै २०२५ रोजी वेम्बलीत ३८ वर्षांच्या उसिकने आपल्यापेक्षा साडेसात किलोंनी जड डॅनियल ड्युब्वाला पाचव्या फेरीत बाद केले.

एकाच बॉक्सरला दोन धिप्पाड प्रतिस्पर्धी मिळाले तर?

डेव्हिड हेयच्या बाबतीत असे झाले. क्रूझरवेटमधून वर आलेला, वेगवान, लांबून उडी मारून उजवा मारणारा. ७ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूरेंबर्गमध्ये त्याच्यासमोर निकोलाय व्हॅल्युएव्ह होता. उंची सात फूट, वजन ३१६ पौंड. हेय २१७.५ पौंड. जवळपास ४५ किलोंचा फरक. हेयने बारा फेऱ्या त्याच्याभोवती फिरत, येऊन मारत आणि निघून जात किताब जिंकला.

पुढे २०११ मध्ये हॅम्बुर्गमध्ये तोच हेय क्लिच्कोसमोर आला. वजनातला फरक या वेळी ३० पौंडांचाच, म्हणजे आधीच्या तुलनेत एक तृतीयांशही नाही. उंचीही व्हॅल्युएव्हपेक्षा कमी. आणि हेय तिन्ही जजच्या पाट्यांवर स्पष्ट हरला. (कारण म्हणून त्याने पायाचे दुखावलेले बोट पुढे केले.) व्हॅल्युएव्हकडे आकारमान होते, पण जॅब संथ आणि पाय त्याहून संथ. क्लिच्कोकडे त्याहून कमी आकारमान होते, पण ते कुठे उभे करायचे हे त्याला माहीत होते. हेय उडी मारायला ज्या अंतरावर यायचा, त्या अंतरावर क्लिच्को त्याला उभेच राहू देत नव्हता.

आणि वजन सारखेच असेल तर?

तेव्हा शैली उघडी पडते. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझियरने मुहम्मद अलीला हरवले. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. वजने पाहा, फोरमन २१७.५, फ्रेझियर २१४. साडेतीन पौंडांचा फरक. फ्रेझियर डोके हलवत, वाकत पुढे यायचा आणि त्या वाकण्यात त्याचे डोके फोरमनच्या अपरकटच्या उंचीवर यायचे. अलीचा जबडा मोडणाऱ्या केन नॉर्टनचीही फोरमनने दोन फेऱ्यांतच गत केली. मग ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अली फोरमनसमोर आला, दोरांना टेकून त्याला दमू दिले आणि आठव्या फेरीत बाद केले. फ्रेझियर अलीला हरवतो, फोरमन फ्रेझियरला, अली फोरमनला. दगड, कागद, कात्री.

म्हणजे शैलीवाद्यांचे खरे?

थांबा. इथे एक चूक सहज होते. आपण उसिक, हेय, इव्हॅन्डर होलीफिल्ड यांची नावे घेतो कारण ते जिंकले. वर आलेले आणि मोडलेले कुणी लक्षात ठेवत नाही. फ्रान्सचा जाँ-मार्क मॉर्मेक क्रूझरवेटमधला जगज्जेता होता. मार्च २०१२ मध्ये क्लिच्कोने त्याला चौथ्या फेरीत बाद केले. गेल्या २५ वर्षांतल्या प्रमुख हेवीवेट जगज्जेत्यांची यादी पाहा. लेनॉक्स लुईस, दोन्ही क्लिच्को, फ्युरी, वाइल्डर, जोशुआ. सगळे सहा फूट पाच इंच किंवा त्याहून उंच. आकारमानाने काही फरक पडत नसता, तर ही यादी अशी दिसली नसती.

आणि रियाधमधली ती पहिली लढतही नीट पाहायला हवी. मधल्या फेऱ्यांत फ्युरीचे अपरकट उसिकला चांगलेच बोचत होते. नवव्या फेरीत उसिकच्या माऱ्याने फ्युरी दोरांवर आदळत राहिला आणि रेफरीने उभ्या-उभ्या मोजणी सुरू केली. ती मोजणी म्हणजे फ्युरीचा एक जास्तीचा गुण गेला. जजच्या पाट्या होत्या ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, ११४-११३ फ्युरीला. तो एक गुण परत दिला तर मधली पाटी ११४-११४ होते आणि लढत बरोबरीत सुटते. १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतरचा पहिला निर्विवाद जगज्जेता त्या रात्री ठरला तो इतक्या फरकाने. शैलीचा एकतर्फी विजय असे याला म्हणता येणार नाही. १७ किलोंची तूट भरून काढायला उसिकइतके कसब लागते आणि तेही जेमतेम पुरते, असे मात्र म्हणता येते.

भारतीय बॉक्सरसाठी याचा अर्थ काय?

हौशी बॉक्सिंगमध्ये हे गणित आणखी कडक होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये लष्करातील सतीश कुमार हा ९१ किलोंवरील गटात ऑलिम्पिकला गेलेला पहिला भारतीय ठरला. जमैकाच्या रिकार्डो ब्राऊनला हरवताना त्याच्या चेहऱ्याला जखमा झाल्या, तेरा टाके पडले. ते टाके घेऊनच तो १ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्यपूर्व फेरीत उतरला. समोर उझबेकिस्तानचा बखोदिर जालोलोव्ह, सहा फूट सात इंच, डावखुरा, तेव्हाचा जगज्जेता. सतीश ०-५ असा हरला. जालोलोव्हने पुढे सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिसलाही तेच केले.

ऑलिम्पिक लढत तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांची असते. उसिकने फ्युरीविरुद्ध बाजी फिरवली ती आठव्या-नवव्या फेरीत, मोठा माणूस दमल्यावर. नऊ मिनिटांत मोठा माणूस दमत नाही. बुटक्याला आत शिरण्याची वाट शोधायला वेळ नाही आणि चुकीला दुसरी संधी नाही. त्यामुळे लांबी आणि जॅब यांना छोट्या लढतीत जास्त भाव. आपल्याकडे या गटात केवळ ताकदीवर भर देऊन भागणार नाही, डावखुऱ्या आणि उंच जोडीदारांसोबत सराव मिळणे ही खरी निकड आहे. तेवढ्या उंचीचे सरावाचे जोडीदार देशात सापडणे हीच मुळात अडचण.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उसिक आणि जोशुआ दोघांनीही सुवर्ण जिंकले, पण वेगवेगळ्या गटांत. उसिक ९१ किलोंपर्यंतच्या, जोशुआ त्यावरच्या. हौशी नियमांनुसार ते भेटलेच नसते. व्यावसायिक रिंगमध्ये ते २०२१ आणि २०२२ मध्ये दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा 'लहान' गटातला जिंकला.

मग मधला एखादा गट हवा का?

ही मागणी जुनीच. क्रूझरवेटची मर्यादा सुरुवातीला १९० पौंड होती, पुढे ती २०० करण्यात आली. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने (डब्ल्यूबीसी) २०२० मध्ये २०० ते २२४ पौंडांसाठी 'ब्रिजरवेट' नावाचा नवा गट काढला. कुत्र्याच्या हल्ल्यातून बहिणीला वाचवणाऱ्या एका अमेरिकन मुलाच्या नावावरून हे नाव. हेतू स्पष्ट होता. ९५ ते १०० किलोंच्या बॉक्सरना १२० किलोंच्या माणसांचा मार खावा लागू नये.

सुरक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मॉर्मेकसारख्यांना असा गट असता, तर कारकीर्दीची शेवटची वर्षे वेगळी गेली असती. पण पैसा, प्रसिद्धी आणि 'जगातला सर्वांत ताकदवान माणूस' हे बिरूद हेवीवेटकडेच राहिल्यामुळे नव्या गटाकडे नामवंत फिरकले नाहीत. सर्व संघटना त्याबाबत एकमतात नाहीत. माझ्या मते, नवा गट काढण्यापेक्षा क्लिंचमध्ये वरून रेलण्याबद्दल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच गुण कापायला सुरुवात झाली, तर लहान बॉक्सरचे जास्त रक्षण होईल. वस्तुमानाचा बराचसा अवैध फायदा तिथूनच येतो. मॉस्कोत तो गुण अकराव्या फेरीत कापला गेला, तेव्हा पोव्हेत्किन चार वेळा खाली जाऊन आला होता.

ब्रिजरवेटची वरची मर्यादा २२४ पौंड. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये हेवीवेटचे चारही किताब एकत्र केले, तेव्हा उसिकचे वजन होते २२३.५.